वीरभद्रप्पांची जीप

११ मार्च, मंगळवार

गाडी दवाखान्यात.

एसटीत तीस वर्षं काढली, सवय जात नाही. आधी गाडी कुठं उभी ते लिहायचं, मग बाकीचं.

तर गाडी आली. शिवरात्रीला आप्पांनी उदगीरला दुकानासमोर मांडव घातला. स्पीकर, पेढे, पानसुपारी. आप्पा धान्याचे मोठे आडते, आमच्या दवाखान्याच्या ट्रस्टचे जुने देणगीदार. नवी मोटार घेतली म्हणून जुनी जीप दवाखान्याला दिली. दोन्ही दारांवर पिवळ्या रंगात वीतभर अक्षरं: कै. वीरभद्रप्पा यांच्या स्मरणार्थ. आप्पांचे वडील.

हार घालायच्या आधी सिस्टर लीलाबाई माझ्या कानाशी आल्या. "नामदेवराव, जीपचे कागद?" मी दटावलं, "गप बसा बाई. दान देणाऱ्याला कागद मागतेत का? तोंडावर अविश्वास दाखवल्यावानी होतं." आमचे अध्यक्ष गुरुजी, त्यांनीबी मान हलवली. सिस्टर मागं सरल्या.

ब्रेक ढिले, बॅटरी मरायला टेकलेली, मागचं एक टायर गुळगुळीत. असू दे. धर्माची गाय अन् दात का गं नाय.

घरची म्हणते, "रिटायर झालात तव्हा म्हणलात आता स्टिअरिंगला हात लावणार न्हाई. आज नवरदेवावानी बसून आलात." बरं वाटलं खरं.

१४ मार्च, शुक्रवार

गाडी दवाखान्यात.

खडकवाडीची पहिली फेरी. बाई अडलेली, दुसरी खेप. सिस्टर मागं तिच्याजवळ, मी पुढं. ओढा कोरडा ठणठणीत म्हणून सरळ पात्रातून घातली. दुष्काळाचा एवढा एकच फायदा.

आधी ह्या वाडीची बाई बैलगाडीत यायची. औंदा बैल सगळे छावणीत, गाड्या जू टेकून दारात. मग बाज, चार माणसं अन् ऊन. आज अर्ध्या तासात आणली. मुलगी झाली. बापानं गुळाचा खडा आणून बॉनेटवर ठेवला, मला दिला नाही, जीपला दिला.

वाडीला सांगून आलो. सायकलवर कुणी बी पाठवा, मी येतो. रात्र-दिवस कधी बी.

२३ मार्च, रविवार

गाडी उदगीर, लातूर, उदगीर. दोन दिवस.

आप्पांचा मुनीम बसप्पा चिठ्ठी घेऊन आला. "जीप दोन दिवस पाठवावी, धुऊन." धुऊन. गावात टँकर दोन दिवसाआड, बायका घागरी लावून भांडून राहिल्यात, अन् मी दोन घागरी जीपवर ओतल्या. सिस्टर बघत होत्या.

नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत आप्पांची कामं. लिंबाखाली दिवसभर उभा. नवी मोटार का नाही आणली म्हणलं, तर शेजारची सीट मागं सारून आप्पा म्हणाले, "त्या रस्त्याला नवी गाडी घालायची काय?"

परतताना धीर करून विचारलं, "आप्पा, कागदाचं तेवढं…" म्हणाले, "रेकॉर्ड अजून जुन्या जिल्ह्यात हाय. इकडं आलं की करून टाकू. घाई काय?" खरंच असंल म्हणलं. जिल्हा नवा, कपाटं सुद्धा अजून लागली नसतील.

२ एप्रिल, बुधवार

गाडी उदगीर. तिसरा दिवस.

आप्पांच्या भाचीचं लग्न. जीपला झेंडूच्या माळा. पुढं बँड, मागं मी पहिल्या गिअरवर. मागच्या सीटवर करवल्या बारा. स्प्रिंगचा आवाज मला ऐकू येतो, त्यांना कसा येईल.

आल्यावर सीटच्या फटीतून अक्षता काढत बसलो. सिस्टरनी विचारलं, "दान दिलंय की नुसती सांभाळायला ठेवलीय?" मी उलट त्यांनाच म्हणालो, "देणारा माणूस हाय, एवढं चालायचंच."

हे वाक्य माझंच. लिहून ठेवतो.

१२ एप्रिल, शनिवार

गाडी दवाखान्यात. डोकं ठिकाणावर नाही.

आप्पा आज इकडून मुखेडला चालले होते, दवाखान्यात थांबले. जीपचा मागचा पडदा वर केला. फिनाइलचा वास. "हे काय?"

सिस्टर म्हणाल्या, बाळंतिणी आणतो ना.

आप्पांचा चेहरा आंबट. मला बाजूला घेतलं. "नामदेवराव, दारावर वडलांचं नाव हाय. आत बाळंतिणीचा विटाळ? ताप-थंडीचे पेशंट न्या, म्हातारे न्या. बाळंतीण अन् मढं, ह्या दोन गोष्टी नको."

मी म्हणालो, बरं.

बरं म्हणालो. तीस वर्षं डेपो मॅनेजरला तोंडावर उत्तर दिलं, दोनदा सस्पेंड झालो, अन् इथं "बरं". मोटार गेली अन् मग एकेक उत्तर सुचायला लागलं. गळ्यात लिंग बांधलेला माणूस. मी त्यांच्यातला नाही, पण उदगीर डेपोत अर्धा जन्म गेला, मला माहीत हाय. ज्याच्या अंगावर लिंग त्याला सूतक न्हाई, सोयर न्हाई. त्यांच्या मठात हेच सांगतेत, दर सोमवारी सांगतेत. अन् ह्यांना विटाळ सुचतो तो फक्त दुसऱ्याच्या बाळंतिणीचा.

सिस्टर म्हणाल्या, "आपण नेणारच." म्हणलं नेणारच. पडदा खाली सोडून नेऊ. दानाची जीप चोरासारखी चालवायची पाळी आली.

१९ एप्रिल, शनिवार

गाडी उदगीर.

परत चिठ्ठी. सोलापूरकडचे पाहुणे, त्यांना देवदर्शन, तीन दिवस. गुरुजींना म्हणलं, नाही म्हणून कळवा. गुरुजी टोपी काढून डोकं पुसायला लागले. "नामदेवराव, दवाखान्याची औषधं त्यांच्याच देणगीत येतात." गुरुजी भला माणूस, पण पाठीचा कणा खडूचा.

धुऊन घेतली. निघालो. खडकवाडीला निरोप द्यायचा राहिला. राहिला म्हणजे माझ्या ध्यानात आलंच नाही.

२१ एप्रिल, सोमवार

खडकवाडीची सुंदर. वय एकोणीस-वीस. पहिली खेप.

काल सकाळी कळा सुरू झाल्या. सायकलवाला दवाखान्यात आला, जीप नाही. सिस्टरनी सांगितलं बाजेवर आणा. पण तो पोचायच्या आधीच वाडीच्या लोकांनी तिला रस्त्याच्या कडंला बाभळीखाली आणून बसवलं होतं. कारण मी सांगितलं होतं, मी येतो. लई वेळ बसले. हॉर्न आता ऐकू येईल, मग ऐकू येईल. सासरा म्हणाला म्हणं, "नामदेवराव शब्दाचा माणूस हाय." सायकलवाला परतला, मग बाज उचलली. तव्हा ऊन डोक्यावर.

सुंदर वाचली. लेकरू गेलं. मुलगा होता.

मी त्या वेळी देवळाबाहेर चिंचेखाली जीप पुसत होतो. पाहुणे प्रसादाच्या पंगतीत. मला बी पत्रावळ आली होती. मी जेवलो. दोनदा भात घेतला.

हे आज कळलं, परत आल्यावर. सिस्टरनीच सांगितलं, सरळ आवाजात, रडल्या नाहीत. मला वाटलं होतं की ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल, गुरुवार

गाडी दवाखान्यात. चावी माझ्या खिशात.

ट्रस्टची मीटिंग. गुरुजींचं एकच, आप्पांना दुखवू नका.

सिस्टर उठल्या. कधी बोलत नाहीत मीटिंगमधी. "गुरुजी, दिलेली वस्तू देणाऱ्याच्याच दारात उभी राहत असंल तर ती दिली कधी? जीप आपल्या नावावर पाहिजे. मग आपण चालवू, न्हाईतर विकून टाकू अन् दुसरं काही घेऊ, साधा टेम्पो घेऊ. चालंल. पण ते आपलं पाहिजे. जीप आल्यापासून खडकवाडीनं बाज विणायची सोडली. जीप नसती तर ती पोर सकाळीच निघाली असती."

मग म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी कागद विचारले होते."

माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. बघायची गरज नव्हती.

मला राग येतो तो आप्पाचा. मग माझा. मग परत आप्पाचा. हारतुऱ्यात लाज वाटली कागद मागायची. कसली लाज? आडत दुकानात एक पोतं बिनपावतीचं सोडतो का तो माणूस? आपणच येडे. दान म्हणलं की डोळे मिटून हात जोडायचे.

२९ एप्रिल, मंगळवार

लातूर. एसटीनं गेलो, तिकीट काढून.

नव्या कचेरीत गाड्यांचा विभाग. क्लार्क निलंग्याकडचा, चष्मेवाला, भला निघाला. म्हणलं जुन्या जिल्ह्याचं रेकॉर्ड कधी येणार? म्हणाला, "काका, ते तर कधीच आलंय. नंबर सांगा." रजिस्टर काढलं, बोट फिरवलं. "ह्या गाडीचा ट्रान्सफरचा अर्जच न्हाई आला. कुणी केलाच न्हाई."

मग बोट थांबलं. "मालक वीरभद्रप्पा. हयात हायत का?"

म्हणलं वारून सात वर्षं झाली.

"मग ही गाडी अजून त्यांच्याच नावावर हाय. मुलानं सुद्धा आपल्या नावावर करून घेतलेली न्हाई. आता दवाखान्याच्या नावावर करायची तर सगळ्या वारसांचे दस्तखत लागतेत. बायको हयात?"

हयात. अव्वा. आप्पांची आई.

"तर आई अन् मुलगा. बहिणी असतील तर त्यांचं संमतिपत्र मागून दिलं तरी चालतं. आधी हे दोन आणा." फॉर्म दिला, कुठं अंगठा कुठं दस्तखत ते पेन्सिलीनं खूण करून दिलं. चहा बी पाजला.

बाहेर बाकावर बसून हसलो. लोक बघायला लागले. आयजीच्या जिवावर बायजी उदार. जी वस्तू त्याच्या एकट्याची नव्हती ती दान देऊन मांडव घातला, हार घेतले, भाषण केलं. कागद का टाळून राहिला ते आत्ता कळलं. कागद केला असता तर आईला विचारावं लागलं असतं.

३ मे, शनिवार

गाडी दवाखान्यात. दोन फेऱ्या. एक तांड्यावरची, एक मुखेडला मोठ्या दवाखान्यात.

चार दिवस फॉर्म खिशात घेऊन हिंडून राहिलो. आप्पाला कसं गाठावं, काय बोलावं. घरची भाकरी थापता थापता म्हणाली, "आप्पा आप्पा काय लावलंय. गाडी कुणाची? अव्वाच्या नवऱ्याची. मग अव्वाला विचारा की. बायकोला विचारायची सवयच न्हाई तुम्हा लोकांना."

बरोबर हाय तिचं.

१२ मे, सोमवार

अक्षय तृतीया. बसव जयंती. उदगीरला मिरवणूक, चौकाचौकात पाणपोई. आप्पा फेटा बांधून पुढं. मी मुद्दाम तीच वेळ धरली.

अव्वा मागच्या पडवीत एकटी, चिंचोके निवडत. ऐंशीच्या पुढं असंल. जुन्या ओळखीची, एसटीत माझ्या गाडीनं कितीदा माहेरी गेलेली, बिदरकडं. म्हणाली, "नामदेवा, जीप चालती का रे नीट? ह्यांची लई आवडती होती."

सांगून टाकलं. सगळं. चिठ्ठ्या, करवल्या, धुऊन पाठवा. विटाळाचं सांगितलं. सुंदरचं सांगितलं, माझ्या दोनदा घेतलेल्या भातासकट. बोलताना आवाज चढला, तिच्यावरच ओरडल्यावानी झालं. ऐकून घेतलं तिनं.

मग गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवून म्हणाली, "विटाळ? हे बांधल्यावर कसला विटाळ? माझी धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला ह्याच जीपमधी आली. वाटंतच झाली ती मोकळी, नळगीरच्या अलीकडं. जीप कोण चालवत होतं, विचार की त्याला. हाच चालवत होता."

मी खिशातला फॉर्म काढून पुढं धरला.

स्टॅम्प पॅड दवाखान्यातलं घेऊन गेलो होतो. अंगठा दिला. दाबून दिला. अंगठा पदराला पुसत म्हणाली, "माझं झालं. त्याचं दस्तखत मी मागणार न्हाई. लेक हाय माझा, मी त्याला लाजवणार न्हाई. ते तू माग."

निघताना पाण्याचा तांब्या पुढं केला. अर्धा होता. अर्धाच प्यालो.

१३ मे, मंगळवार

आज आप्पाला गाठला. दुकानात, गादीवर. बसप्पा मुनीम शेजारी.

फॉर्म पुढं केला. वाचला. अंगठ्यावर येऊन थांबला. कान लाल.

"घरात शिरून म्हातारीचा अंगठा घेतलात?"

"दारातून गेलो आप्पा. अव्वांनी पाणी बी दिलं."

"जीप दिली म्हणून आता इज्जत घेणार?"

मग मी बोललो. १२ एप्रिलपासून जेवढं सुचलं होतं तेवढं सगळं बोललो. म्हणलं, तुम्ही दिलं काय? दारावरचा रंग दिला. सुंदरचं लेकरू तुमच्या पाहुण्यांच्या प्रसादाला गेलं.

तर म्हणाला, "त्याला मी काय करू. ज्याचं त्याचं नशीब."

माझा हात उठला होता. मुनीम मधी आला म्हणून, नाहीतर…

नळगीरचं बोललो नाही. जिभेवर होतं. अव्वाचा शब्द आठवला, गिळलं.

फॉर्म माझ्याकडं सारत आप्पाच थंड आवाजात म्हणाला, "शनिवारी चुलतभावाच्या पोराचं लग्न हाय. वरात ह्याच जीपमधून निघंल, वडलांचं नाव पुढं पाहिजे. शनिवारी जीप आणा, धुऊन. वरात झाली की दस्तखत करतो. न्हाई आली तर फॉर्मची पुंगळी करा."

१६ मे, शुक्रवार

गाडी दवाखान्यात.

तीन दिवस एकच हिशेब. एक दिवस द्यायचा अन् जीप कायमची आपली. गुरुजी म्हणतात पाठवा, देवानंच वाट दाखवली. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही ठरवा. घरची म्हणते, हत्ती निघून गेला, शेपूट राहिलंय, ओढा एकदाचं.

ठरलं. पाठवतो. मनातून जळून राहिलंय, पण पाठवतो. शेवटची वरात. खडकवाडीला, तांड्याला, सगळ्यांना आज स्वतः जाऊन सांगून आलो, उद्या जीप नाही, बाज तयार ठेवा. ह्या वेळी सांगितलं.

खडकवाडीत सुंदर हातपंपावर होती. पंप हापसत होती, पाणी येत नव्हतं. मला बघून पदर घेतला. म्हणाली, "काका, माझ्या जावेचे दिवस भरलेत." बस, एवढंच.

१७ मे, शनिवार

गाडी खडकवाडी.

सकाळी जीप धुऊन उभी. बसप्पा मुनीम एसटीनं आला, माझ्याबरोबर बसून जायला. पिशवीत हार, आंब्याची डहाळी. पुढच्या बंपरला बांधून राहिला. मी डिझेल बघितलं, चावी लावली.

सायकल आली. सुंदरचा सासरा, एवढ्या वयात सायकलवर. धाप लागलेली. "थोरली सून… पाय आधी दिसून राहिलाय." लगेच म्हणाला, "ठाव हाय मला, आज जीप न्हाई. बाज निघालीय. बाईंना चालत पुढं येता येतं का, एवढंच इचारायला आलो."

मागितली नाही त्यानं जीप. शिवी दिली असती तर सोसली असती.

सिस्टर बॅग घेऊन पायरीवर. चालायला लागल्या. त्या उन्हात, खडकवाडीच्या वाटेनं.

मी मागचा पडदा वर बांधला. म्हाताऱ्याला पुढं बसवलं, सायकल मागं घातली. बसप्पा खिडकीला धरून, "अवं नामदेवराव, काय करून राहिलात? वरात खोळंबलीय. आज जीप न्हाई आली तर दस्तखत जन्मात न्हाई. आप्पा उद्या ओढून नेतील गाडी. गाडी कुणाची हाय एवढं तरी ध्यानात ठेवा."

म्हणलं, "ठेवलंय. वीरभद्रप्पांची हाय. दारावर तेच नाव, कचेरीच्या बुकात बी तेच. त्यांना म्हणावं, स्वतः या अन् मागा."

बसप्पाचा हात आपोआप सुटला. जुना माणूस तो, वीरभद्रप्पांच्याच हाताखाली लागलेला.

सिस्टरना वाटेत घेतलं. बाज ओढ्यात गाठली, सोबत सुंदर. दवाखान्यापर्यंत वेळ नव्हता. जीपमधीच झालं, मागच्या सीटवर, ओढ्याच्या पात्रात, बंपरला आंब्याची डहाळी तशीच. मी पाठ करून पुढं उभा, कानावर हात. मग हात काढले. रडणं ऐकू आलं. मुलगी. दोघी बऱ्या हायत.

सुंदरनं लेकरू हातात धरलं होतं दवाखान्यापर्यंत. तिच्याकडं आरशात एकदा बघितलं, मग नाही बघितलं.

संध्याकाळी बसप्पाचा निरोप आला एसटीच्या कंडक्टरबरोबर. उद्या सकाळी आप्पा स्वतः येणार, ड्रायव्हर घेऊन. गुरुजी सारखे आत-बाहेर करून राहिलेत. फॉर्म ह्या वहीत आहे, अव्वांचा अंगठा वर, खालचा रकाना कोरा.

येऊ दे. सीटची गादी काढून टँकरच्या पाण्यानं धुतली, दवाखान्याच्या फाटकावर वाळत घातलीय. आत यायचं तर तिच्या शेजारूनच यावं लागंल.